मुक्काम पोस्ट : नदीकाठ

सेमिस्टर संपलेली असते. जर्नल्स सबमिट झालेली असतात. खिशात मोजून चारशे रुपये असतात. आणि नेमका तेव्हाच ग्रुपवर कुणाचा तरी मेसेज पडतो, 'शनिवारी नदीवर मुक्काम. गळ टाकू, मासे भाजू. टेंट माझा. खर्च झिरो.' पाच मिनिटांत सात अंगठे पडतात. मग आठवा मेसेज येतो, 'पण जायचं कुठे?' आणि ग्रुप एकदम शांत होतो.

हा लेख त्या आठव्या मेसेजचं उत्तर आहे.

पैसे देऊन राहायचं असेल तर प्रश्नच नाही. पवनेच्या काठावर टेंट, बार्बेक्यू आणि रात्री गाणी असं पॅकेज तयार मिळतं. पण तुम्हाला हवी आहे शांत नदी, हातात काठी, पाण्यात गळ आणि डोक्यावर आभाळ. तेही फुकटात. अशी जागा मिळते का? मिळते. आपल्या राज्यात नद्यांना तोटा नाही. पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. अशी जागा मॅपवर सापडत नाही. ती कुणीतरी दाखवावी लागते. हे मला कसं कळलं, ते आधी ऐका.

वाळू झोपायला नसते

सेकंड इयरला असताना आम्ही पाच जण नीरेवर गेलो होतो. भोरच्या खालच्या अंगाला. डिसेंबर महिना, परीक्षा नुकतीच संपलेली. मॅपवर सॅटेलाइट व्ह्यू लावून आम्हीच जागा शोधली होती. नदीचं झकास वळण, त्यात वाळूचा पांढराशुभ्र पट्टा, जवळपास घर नाही, कुंपण नाही, बोर्ड नाही. म्हणजे आपलीच जागा! गावात शिरलोसुद्धा नाही. परस्पर खाली उतरलो, वाळूत टेंट ठोकला, चूल मांडली, दोन चिलापी भाजून खाल्ल्या आणि तारे बघत झोपलो.

मध्यरात्र उलटून गेल्यावर टेंटवर काठी आपटल्याचा आवाज आला. बाहेर एक म्हातारे गृहस्थ उभे. डोक्याला मफलर, एका हातात बॅटरी, खांद्यावर ओलं जाळं.

"ए पोरांनो, उठा! वाळूवर कुनी झोपतंय व्हय? वरनं पानी सुटलंय."

"पाणी? पाऊस कुठाय?" आमच्यातला एक जण झोपेतच बरळला.

"पाऊस कशाला लागतोय? धरान हाय की वर."

आम्ही जे हाताला लागलं ते घेऊन दरडीवर चढलो. उजाडल्यावर खाली पाहिलं, तर आमची चूल होती तिथे कमरेएवढं पाणी वाहत होतं. वाळूचा पट्टा गायब. आभाळ मात्र रात्रभर लख्ख होतं. एक ढग नव्हता.

ते तात्या भोई समाजातले. आयुष्य त्या पाण्यावर गेलेलं. रब्बीचं आवर्तन सुटणार म्हणून लावलेली जाळी काढायला ते आले होते. पलीकडच्या काठावर आमच्या चुलीचा विस्तव दिसला म्हणून वाकडी वाट करून आले. विस्तव विझला असता, तर ते तसेच घरी गेले असते.

'आवर्तन' हा शब्द लक्षात ठेवा. शेतीसाठी धरणातून ठरावीक दिवस पाणी सोडतात, त्याला आवर्तन म्हणतात. हिवाळ्यात रब्बीचं, उन्हाळ्यात उन्हाळी. बऱ्याच ठिकाणी हे पाणी धरणाच्या भिंतीतून थेट कालव्यात जातं. पण काही ठिकाणी ते आधी नदीत सोडतात आणि खाली कुठेतरी बंधाऱ्यावरून कालव्यात घेतात. भाटघरचं पाणी असंच नीरेतून वीरला जातं. म्हणजे भर उन्हाळ्यात, पावसाचा थेंब नसताना, नदी रात्रीतून चढू शकते.

वीजनिर्मितीचं पाणी तर रोजचंच. कोलाडला राफ्टिंगला गेला असाल, तर आठवा, ते सकाळीच का असतं? कारण मुळशीचं पाणी भिऱ्याला वीज तयार करून कुंडलिकेत येतं आणि ते सुटल्यावरच नदीला राफ्टिंगचा जोर चढतो. ज्या पाण्यावर सकाळी राफ्ट उड्या मारते, त्याच नदीच्या पात्रात तुम्ही आदल्या रात्री टेंट ठोकला असेल तर?

ही भीती उगाच घालत नाहीये. ८ जून २०१४ ला हिमाचलमध्ये ब्यास नदीच्या पात्रात हैदराबादहून सहलीला आलेले इंजिनिअरिंगचे विद्यार्थी फोटो काढायला उतरले होते. वरच्या लारजी प्रकल्पातून पाणी सोडलं गेलं. २४ विद्यार्थी वाहून गेले. आपल्याच वयाची मुलं. त्यांना पोहता येत होतं की नाही, हा प्रश्नच उरला नाही.

म्हणून नियम पहिला : पात्रात झोपायचं नाही. वाळू कितीही मऊ असो, बेट कितीही इन्स्टाग्रामेबल असो. काठावरच्या बाभळी, करंज आणि झुडपं बघा. पुरात वाहून आलेलं गवत, चिंध्या, प्लास्टिकच्या पिशव्या त्यांच्या फांद्यांना अडकलेल्या असतात. नदी कुठवर येते, हे नदीनंच तिथे लिहून ठेवलेलं असतं. तुमचा टेंट त्या रेषेच्या वर, आणि चढून जायला मोकळी वाट मागे.

फुकट म्हणजे बेवारस नव्हे

आमची दुसरी चूक आम्हाला त्या सकाळी कळली. दरडीवर ज्या जागी आम्ही रात्री धडपडत पोचलो, ते कुणाचं तरी हरभऱ्याचं रान होतं. आम्ही त्यात बॅगा टाकल्या होत्या आणि अंधारात चांगले दहा-वीस ताटवे तुडवले होते.

नदीकाठी कुंपण नसतं, म्हणून जागा कुणाचीच नाही असं आपल्याला वाटतं. खरं तर तिथे इंचाइंचाला कुणीतरी असतं. पात्र सरकारचं. काठावरची मळी शेतकऱ्याची. धरणाच्या फुगवट्याची जमीन जलसंपदा विभागाची, आणि पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीनही कसली जाते, तिथे कलिंगडं नाहीतर काकड्या असतात. घाट आणि देऊळ गावाचं किंवा देवस्थानाचं. झाडी असेल तर ती वन विभागाची असण्याची दाट शक्यता.

यातल्या दोन ठिकाणी विषय तिथेच संपवायचा. पहिलं, धरणाची भिंत, सांडवा आणि त्याच्या खालचं पात्र. तिथे सुरक्षारक्षक हटकतात ते बरोबरच करतात. दुसरं, अभयारण्य. भंडारदऱ्याच्या परिसरातलं कळसूबाई-हरिश्चंद्रगड असो की कोयनेच्या शिवसागर जलाशयाला लागून असलेलं सह्याद्रीचं जंगल, तिथे वन विभागाच्या परवानगीशिवाय मुक्काम नाही आणि मासेमारीचा तर विचारही नको. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा 'आम्ही स्टुडंट आहोत' हे ऐकून घेत नाही.

उरलं काय? उरली शेतकऱ्याची मळी, गावचं गायरान, घाटाच्या वरचं पटांगण, शाळेचा व्हरांडा. आणि या सगळ्या जागा खरोखर फुकट मिळतात. फक्त विचारावं लागतं.

विचारायचं कसं? उजेडात. चारच्या आत गावात पोचा. पारावर, टपरीवर, नाहीतर किराणा दुकानात चहा घ्या. पोलीस पाटील कोण, हे विचारा. अनेकांना पोलीस पाटील म्हणजे पोलीस वाटतो. तसं नसतं. तो गावातलाच माणूस असतो आणि गावात कोण नवं आलंय हे त्याला माहीत असणं, हे त्याचं कामच असतं. त्याला नावं, कॉलेज, गाडीचे नंबर सांगा. 'काका, आम्ही इतके जण आहोत, गळ टाकायचाय, सकाळी जाणार, दारू नाही, स्पीकर नाही. झोपायला कुठे बरं पडेल?' बास. आणि मग गंमत बघा. ज्या गावात रात्री नऊला तुमच्यावर कुत्री सोडली असती, त्याच गावात दुपारी चारला कुणीतरी म्हणतं, "आमच्या मोटरच्या खोलीपाशी पडा की, लाइटपण हाय."

मोटरची खोली! विहिरीचं किंवा नदीचं पाणी उपसायला बांधलेली ती छोटी पत्र्याची खोली. बाजूला चार फूट सपाट जागा, वर एक बल्ब, आणि रात्री मोटर चालू करायला येणारा शेतकरी. फाइव्ह स्टार म्हणा ना. फक्त वायरींना आणि स्टार्टरला हात लावायचा नाही.

झोप मिळते तिथे गळ नाही

फुकट मुक्कामाची आपली परंपरा तशी जुनी आहे. वारकरी, नर्मदा परिक्रमावासी, मेंढरं घेऊन फिरणारे धनगर, सगळे नदीच्या आधारानंच मुक्काम करत आलेत. नदीकाठच्या देवळांचे सभामंडप, ओवऱ्या, धर्मशाळा याच कामाच्या. नीरा-भीमेच्या संगमावरचं नीरा नरसिंहपूर, प्रवरा-गोदावरीच्या संगमावरचं टोका, कृष्णेवरचं औदुंबर अशी ठिकाणं आठवा. विचारलं, तर देवस्थानाच्या गावात अंग टाकायला जागा सहसा नाकारत नाहीत.

पण तुमच्या बॅगेत गळ आहे, ही अडचण आहे. देवाच्या डोहातले मासे देवाचे. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड आहे, वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसे आहे. तिथे हातभर लांबीचे महाशीर माणसांच्या पायाशी येऊन चुरमुरे खातात, कारण पिढ्यानपिढ्या त्यांना कुणी मारलं नाही. हा महाशीर आपल्याकडचाच. १८३९ मध्ये कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याची शास्त्रात नोंद केली. त्याच्या 'टॉर खुद्री' या शास्त्रीय नावातला खुद्री हा शब्दही इथलाच. आज पुण्यातल्या मुळा-मुठेकडे बघा आणि मग वाळण कोंडाकडे बघा. गावाच्या एका नियमानं काय वाचू शकतं, ते कळेल.

म्हणून घाटावर झोपायचं असेल तर गळ बॅगेत ठेवा. गळ टाकायचा असेल तर देवाच्या हद्दीच्या बाहेर जा, आणि हद्द कुठे संपते हे गावालाच विचारा. नदीकाठचा हा साधा हिशोब आहे. दोन्ही एकाच जागी फुकट मिळेल, असं समजू नका.

मासा कुणाचा?

पाणी वाहतंय, मासा पोहतोय, त्यावर कुणाचं नाव थोडंच लिहिलंय? लिहिलेलं असतं. आपल्याला वाचता येत नाही, एवढंच.

धरणांचे जलाशय आणि तलाव मत्स्यव्यवसाय विभाग ठेक्यानं देतो, बहुतेक वेळा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांना. संस्था पैसे भरते, मत्स्यबीज विकत आणते, बोटाएवढी पिल्लं पाण्यात सोडते. त्यांना म्हणतातही बोटुकली. त्यातली कितीतरी मरतात. उरलेली वाढायला महिने जातात. मग एक दिवस तुम्ही रॉड घेऊन येता, दोन किलोचा कटला काढता, फोटो टाकता, 'फ्री फिशिंग!' तो कटला कुणाच्या तरी घरचा किराणा असतो. संस्थेच्या माणसाला आधी विचारलंत, तर काही ठिकाणी हौसेनं गळ टाकायला हो म्हणतात, काही ठिकाणी थोडे पैसे घेतात, काही ठिकाणी नाही म्हणतात. नाही म्हटलं, की नाही.

वाहत्या नदीत जरा मोकळीक असते. पण तिथेही भोई-कोळी कुटुंबांची जाळी ठरलेल्या जागी लागलेली असतात. पाण्यावर थर्माकोलचे किंवा रिकाम्या बाटल्यांचे तुकडे रांगेत तरंगताना दिसले, तर ते जाळं आहे. त्याच्या आसपास गळ टाकू नका. गळ अडकला, तर तुमची जाते दहा रुपयांची दोरी, त्यांचं फाटतं जाळं.

मग आपण धरायचं काय? चिलापी धरा. हा मूळचा आफ्रिकेतला मासा, आपल्या पाण्यात आला आणि इतका माजला की देशी माशांना जागा उरेना. उजनीच्या फुगवट्यात तर त्याचंच राज्य. भिगवणला हायवेवर ताटात जो कुरकुरीत मासा येतो, तो पुष्कळदा हाच. गांडुळाला किंवा कणकेच्या गोळीला पटकन लागतो, काटे कमी, चुलीवर झकास भाजतो. नवशिक्याला आणि नदीला, दोघांनाही हा मासा धरलेला चालतो. शिंगटा लागला, तर मात्र सांभाळून. कल्ल्यामागचे आणि पाठीवरचे काटे बोटात घुसले, की रात्रभर ठणका लागतो. महाशीर लागला, तर ओल्या हातानं धरा, गळ काढा आणि पाण्यात सोडा. फोटो काढायचाच असेल, तर मासा पाण्यात ठेवूनच.

आणि जून ते सप्टेंबर गळ माळ्यावर टाका. पहिल्या पावसात नद्या-ओढ्यांना पाणी आलं, की मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढतात. कोकणात 'चढणीचे मासे' धरायला गावं लोटतात खरी, पण पोटात गाभोळी असलेला एक मासा धरला, की पुढच्या वर्षीचे शेकडो गेले. त्या दिवसांत नदीकाठी झोपणं हा तर शुद्ध वेडेपणा. आपला मोसम दिवाळीनंतर सुरू होतो. थंडीत मासा आळसावतो, ऊन चढल्यावर खातो, म्हणजे पहाटे उठून कुडकुडायची गरज नाही. मार्चनंतर प्रवाह आटतो आणि मासे डोहात गोळा होतात. तेव्हा ते सहज लागतात, म्हणूनच हात आखडता घ्या. खाण्यापुरते धरा.

आणखी एक. कुणी 'ब्लीचिंग पावडर टाकू' किंवा 'तोटा उडवू, पाच मिनिटांत पोतंभर मिळतील' म्हणालं, तर तिथून उठा. स्फोटकं आणि विष वापरून मासे मारणं या देशात १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. शिवाय त्यात बोटुकलीपासून बेडकापर्यंत सगळंच मरतं.

आता जागा शोधा

मॅप वापराच, पण सुरुवातीपुरता. सॅटेलाइट व्ह्यूमध्ये नदीचं वळण बघा. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी खोल असतं, तिथे डोह आणि मासे. आतल्या अंगाला उथळ आणि वाळू. मुक्कामाची जागा यांपैकी एकही नाही. ती मागच्या चढावर, पण चालत पाच मिनिटांच्या आत. नदीच्या वरच्या बाजूला धरण कोणतं आहे आणि किती लांब आहे, तेही बघून ठेवा. राज्य सरकारच्या 'महाभूनकाशा' पोर्टलवर गावाच्या नकाशात गट नंबर दिसतात. जमीन खासगी आहे की कसं, याचा अंदाज घरबसल्या येतो.

कोल्हापुरी बंधारा दिसला, तर खूण करा. पावसाळा संपला, की त्याच्या गाळ्यांमध्ये बरगे बसवतात, पाणी अडतं आणि वरच्या बाजूला लांबलचक शांत फुगवटा तयार होतो. गळ टाकायला याहून सोयीची जागा नाही. पण बंधाऱ्यावर बसून नव्हे आणि त्याच्या खालच्या बाजूला तर मुळीच नव्हे. तिथे पाणी घुमतं आणि माणसाला आत ओढतं.

मग एक रविवार फक्त बघायला जा. टेंटशिवाय. बाइकवर दोघं गेलात तरी पुरे. गावात चार माणसांशी बोला आणि तीन प्रश्न विचारा. पाणी कधी सुटतं? इथे मगरी आहेत का? रात्री वाळूच्या गाड्या येतात का?

मगरीचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. सांगलीकडे कृष्णेत भिलवडी, औदुंबरच्या पट्ट्यात मगरी आहेत, महाडकडे सावित्रीतही आहेत. अशा नदीत संध्याकाळी पाण्यात पाय सोडून बसायचं नाही, काठावर मासे साफ करायचे नाहीत, घाण पाण्यात टाकायची नाही.

वाळूचा प्रश्न त्याहून नाजूक. पात्रात मोठ्या टायरांच्या ताज्या खुणा दिसल्या, तर ती जागा रद्द. रात्री तिथे काय चालतं याचे साक्षीदार होण्यात शहाणपण नाही. शिवाय जिथून वाळू उपसली, तिथे पाण्याखाली खड्डे असतात. गुडघाभर पाण्यात चालता चालता पुढचं पाऊल थेट पुरुषभर खोलात पडतं. नदीत पोहायला उतरून बुडालेल्या मुलांच्या बातम्या तुम्ही याच पेपरात वाचता. त्यातल्या कितीतरी बातम्यांत 'पाण्याचा अंदाज न आल्याने' हे शब्द असतात. ते शब्द वाचताना हे खड्डे आठवा.

रात्र आपली नसते

उघड्यावर सतरंजी टाकून झोपायला रोमँटिक वाटतं. पण मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावा इतका बारीक की कित्येकदा जागही येत नाही. म्हणून चेन पूर्ण बंद होणारा टेंट हवाच. तो नसेल तर शाळेचा व्हरांडा आणि नीट खोचलेली मच्छरदाणी. बूट आत ठेवा, सकाळी झटकून घाला. लघवीला जाताना बॅटरी आणि जोडीदार, दोन्ही. कुणाला काही चावलंच, तर मांत्रिक नको, ब्लेडनं कापणं नको. १०८ ला फोन करा आणि थेट मोठ्या सरकारी रुग्णालयात जा. फोनला रेंज कुठे येते, हे दिवसाउजेडीच बघून ठेवा. बाकी कुठल्याही अडचणीला ११२.

ग्रुपमध्ये मुली असतील, तर मुक्काम वस्तीच्या हाकेच्या अंतरावर घ्या. हा मुलींवरचा अविश्वास नाही, परक्या ठिकाणचं साधं भान आहे. गावातल्या एखाद्या घराशी ओळख झाली, की बाथरूमचा प्रश्न सुटतो आणि रात्रीची काळजीही मिटते. बहुतेक वेळा घरातल्या मावशीच म्हणतात, "पोरींनी आत झोपा की." हो म्हणा. नदी सकाळी तिथेच असते.

आणि घरी खरं सांगून या. 'मित्राकडे अभ्यासाला' सांगून नदीवर गेलेला मुलगा हरवला, तर त्याला शोधायचं कुठे, हेसुद्धा कुणाला माहीत नसतं.

भाडं असं द्यायचं

फुकटच्या जागा कमी होत चालल्यात. पूर्वी जिथे कुणी अडवत नव्हतं, तिथे आज 'प्रवेश बंद' लिहिलेली पाटी आहे. ती पाटी एखाद्या शेतकऱ्यानं उगाच लावलेली नसते. कुणीतरी बाटली फोडलेली असते आणि ती अनवाणी पायात घुसलेली असते. कुणीतरी उसाच्या फडाशेजारी शेकोटी पेटवलेली असते. आपल्या आधी जे येऊन गेले, त्यांच्या वागण्याची ती पाटी आहे. आपल्या नंतर येणाऱ्यांसाठी आपण काय ठेवून जातोय, हे आपल्या हातात आहे.

म्हणून भाडं द्या. पैशांत नव्हे. जेवणाचं सामान शहरातून भरून नेऊ नका. गावातल्या मावशींना दुपारीच सांगा, रात्री इतक्या भाकरी आणि पिठलं. त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. मासे लागले नाहीत तर उपाशी झोपायची वेळही येत नाही, आणि खरं सांगायचं तर पहिल्या खेपेला मासे लागतच नाहीत. निघताना आपला कचरा घ्याच, वर आधीच्यांचाही एक पिशवीभर उचला. तुटलेली तंगूस कधीच टाकून येऊ नका. बगळ्या-पाणकावळ्यांच्या पायात ती गुंतते आणि पक्षी तडफडून मरतो. रीलमध्ये नदी दाखवा, पण लोकेशन टॅग करू नका. एका टॅगनं पुढच्या शनिवारी तिथे चाळीस बाइक उभ्या राहतात आणि त्याच्या पुढच्या शनिवारी पाटी.

आम्ही त्या सकाळी हरभऱ्याच्या मालकाला शोधून काढलं आणि माफी मागितली. तो आधी भडकला, मग चहा दिला. तात्यांना पैसे देऊ केले, तर त्यांनी हात मागे घेतला. म्हणाले, "पैसं नगं. पुन्यात गळ चांगलं मिळत्यात म्हनं. आला तर घिऊन या."

तेव्हापासून दर हिवाळ्यात आम्ही जातो. जाताना पुण्याहून चांगल्या गळांचं एक पाकीट असतं. झोपतो त्याच दरडीवर, हरभरा सोडून, बांधालगतच्या बाभळीखाली. माझ्या फोनमध्ये तो नंबर 'नीरा तात्या' म्हणून सेव्ह आहे. ग्रुपवर प्लॅन ठरला, की मी मॅप उघडत नाही. आधी तो नंबर लावतो आणि एकच प्रश्न विचारतो.

"तात्या, पाणी सुटलंय का?"

बॅगेत हे हवंच

• चेन बंद होणारा टेंट, खाली घालायला प्लास्टिकचा कागद
• बॅटरी प्रत्येकाला एक. मोबाइलचा टॉर्च धरू नका, मोबाइल रात्रभर चार्ज राहिला पाहिजे
• बांबूची काठी किंवा साधा रॉड, तंगूस, लहान गळ, शिसं, बुचाचा तुकडा. बाकी महागडं सामान नंतर
• गळ काढायला छोटी पक्कड. तो माशाच्या तोंडातून काढायचा असतो, कधीकधी मित्राच्या बोटातूनही
• निदान एक लाइफ जॅकेट आणि वीस-पंचवीस फूट जाड दोर
• पिण्याचं पाणी घरून. नदीचं पाणी प्यायचं नाही
• छोटा स्टोव्ह. चूल पेटवायचीच तर मालकाला विचारून, वाळलेल्या गवतापासून लांब, आणि झोपण्याआधी पाणी ओतून विझवून
• प्रथमोपचाराची पेटी, ओडोमॉस, कॉलेजचं आयकार्ड
• कचऱ्यासाठी दोन मोठ्या पिशव्या. एक आपली, एक आधीच्यांची